दाखला कुणाकडे, ताप कुणाला

तू विचारलंस: गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात वरच्या ओळीत, कुठल्याही गावातून तासा-दीड तासात सरकारी इस्पितळ गाठता येतं, उपचार जवळजवळ फुकट. मग त्याच त्या वाड्यांवर, त्याच त्या घरांत आजार का सापडतात? आणि सरकारी धोरणाने यात खरोखर काही फरक पडतो, की तो अहवालात लिहिण्यापुरता मुद्दा आहे?

तुझी आई माझ्या केंद्रात आरोग्यसेविका होती, तेव्हा तुला 'तू'च म्हणतो. तिने याचं अर्धं उत्तर जेवताना तुला कधीतरी दिलं असणारच. उरलेलं मी देतो. माझी नोकरीतली बरीच वर्षं सत्तरीत गेली, काही वास्कोच्या बाजूला आणि शेवटची डिचोलीत. आजार मी कॉलेजात शिकलो. तो कुणाच्या घरी का जातो हे मात्र मामलेदार कचेरीच्या बाकावर बसून शिकलो.

संडासापासून सुरुवात करतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका वाडीवर दहा-बारा घरं. दर पावसाळ्यात हगवण, मुलांच्या पोटात जंत, कुणाला तरी कावीळ. संडासासाठी सरकारी मदत मंजूर होती, तरी दोन वर्षांत एकही खड्डा खणला गेला नाही. मी माझ्या अहवालात लिहिलं, 'लोकांमध्ये आरोग्यविषयक जागृतीचा अभाव'. आजही ते वाक्य आठवलं की लाज वाटते. तुझ्या आईनेच मला बाजूला घेऊन सांगितलं, "डॉक्टर, जागा भाटकाराची आहे. तो सही देत नाही."

सगळी वाडी मुंडकारांची. म्हणजे घर त्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतात, पण घराखालची जमीन भाटकाराची. पंचायत म्हणे, जमीनमालकाची ना-हरकत आणा. भाटकाराला भीती, की आज संडासाचा खड्डा खणू दिला तर उद्या तोच खड्डा मामलेदारापुढे पुरावा होऊन उभा राहील. मुंडकारालाही भीती, की सहीसाठी फार मागे लागलो तर घराच्या दुरुस्तीलाही हा आडवा येईल. दोघांच्या भीतीमध्ये पोरांच्या पोटात जंत. १९७५ साली मुंडकार संरक्षण कायदा आला, त्याने घरातून हुसकावण्याला आळा घातला, राहतं घर विकत घेण्याचा हक्क दिला. कायदा चांगला, अंमलबजावणी मामलेदाराच्या टेबलावर. एकेक दावा किती वर्षं रेंगाळतो हे गोव्यात कुणालाही विचार. त्या वाडीवरचं जंताचं औषध माझ्या कपाटात नव्हतं, त्या दाव्यांच्या फायलीत होतं. मी सहा-सहा महिन्यांनी गोळ्या वाटत होतो एवढंच.

आता याच्या उलट बाजूचं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचं सरकार १९६३ च्या डिसेंबरात आलं आणि थोड्याच वर्षांत खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या, बहुतेक मराठी माध्यमाच्या. त्या निर्णयाची फाईल आरोग्य खात्यात कधीच आली नसणार. पण माझ्या मते मुक्तीनंतरचं गोव्याचं सगळ्यांत मोठं आरोग्य धोरण तेच. त्या शाळांतून शिकलेल्या मुली पुढे आई झाल्या, परिचारिका झाल्या, बाळाला ताप आला की अंगारा लावून न थांबता केंद्रात आणू लागल्या. लसीकरणाला मला कधी दारोदार फिरून विनवावं लागलं नाही, ते या बायकांमुळे. माझ्याआधीच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकल्यावर त्याची किंमत कळली.

म्हणून 'धोरण' या शब्दाने तू फक्त दवाखाने, विमा आणि रुग्णवाहिका मोजू नकोस. त्यात गोवा चांगलाच आहे, मला खोटी टीका करायची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२० च्या सुमाराला, गोव्यातली ९९.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. पण त्याच पाहणीचं पुढचं पान उलट. १५ ते ४९ वयाच्या बायकांत रक्तक्षय असलेल्यांचं प्रमाण चौथ्या फेरीत ३१.३ टक्के होतं, ते ३९ वर गेलं. पाच वर्षांखालच्या मुलांत उंची खुंटलेली मुलं २०.१ टक्क्यांवरून २५.८ वर गेली. दवाखाना तोच, लोहाच्या गोळ्या त्याच, बाळंतपण सुरक्षित, आणि बाई आधीपेक्षा फिकी. दवाखाना बाईला नऊ महिने भेटतो, घर तिला जन्मभर भेटतं. तिच्या ताटात मासे किती वेळा येतात, हे लोकांना वाटतं त्यापेक्षा फार कमी. बाजारात बांगड्याचा भाव विचारून ये, मग रक्ताच्या अहवालाकडे बघ.



काजूचं सांगतो, कारण असमानता आणि साथ एकमेकांत कशा गुंततात ते याहून नीट मला दाखवता येत नाही.

२०१५ साली सत्तरीत पाली गावात माकडताप निघाला. शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात पहिल्यांदा ओळखला गेला म्हणून ते नाव. विषाणू गोचिडांत असतो. माकडं त्याने मरतात, मेलेल्या माकडावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात पसरतात आणि पाचोळ्यात जो हात-पाय घालतो त्याला चावतात. जोराचा ताप, डोकं फुटेल अशी वेदना, अंगाचा चुरा, काहींना रक्तस्राव. शंभरात तीन ते पाच जण दगावतात. नेमकं औषध नाही. माणसाकडून माणसाला लागत नाही, एवढाच दिलासा. गोचिडींचा जोर हिवाळ्यापासून मेपर्यंत. आणि काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे.

पाचोळ्यात वाकून बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करतो कोण? बागेचा मालक नाही. बहुतेक बायका, त्यातही गावड्यांच्या, धनगरांच्या, विधवा, म्हाताऱ्या, सुट्टीतली पोरं. अनवाणी किंवा रबरी सपातांवर. आम्ही गावोगाव जाऊन सांगत होतो: रानात जाऊ नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, अंगाला तेल लावा, घरी आलं की गरम पाण्याने आंघोळ करा. एका म्हातारीने मला शांतपणे विचारलं, "काजू पडटात, घरा बसून कशें जातलें?" घरात बसलं तर कसं होणार? तिच्या घरात वर्षभराची रोकड या तीन महिन्यांतच येते. शाळेची फी, छपराची दुरुस्ती, चवथीचा खर्च, सगळं त्या बोंडवांत. तिला रानात जाऊ नको म्हणणं म्हणजे पगारदाराला तीन महिने पगार घेऊ नको म्हणण्यासारखं. शिवाय सत्तरीत कित्येकांच्या कसत्या जमिनीचा कागदच त्यांच्या नावावर नाही. आल्वारा आणि मोकासा (जुन्या राजवटींनी सनदेने दिलेल्या जमिनी), सरकारी, वनखात्याची, असे वाद पिढ्यांपासून चालू. ज्या बागेची मालकी नाही तिची साफसफाई कोण करणार, पाचोळा उचलायला मजूर कोण लावणार?

लस होती. डोस अनेक, दंड चांगलाच दुखायचा, एका डोसनंतर दुसऱ्याला येणारे निम्मेही नसत, कारण दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असे. पुढे तिचा प्रभाव पुरेसा नाही म्हणून ती बंदच झाली. मला विचारशील तर त्या काळात सगळ्यांत उपयोगी ठरली ती साधी गोष्ट: मेलेल्या माकडाची खबर लगेच मिळणं. आणि ती खबर देणारी माणसं तीच, रानात जाणारी. ज्याला वनखात्याची भीती वाटते तो मेलेल्या माकडाबद्दल तोंड उघडत नाही. आपल्यावरच बालंट येईल असं त्याला वाटतं. माकडाची खबर दिली तर कुणी चौकशी करणार नाही, हे गावाला पटवण्यात माझे दोन हंगाम गेले. हे काम कुठल्या कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

वास्कोच्या बाजूला आलो आणि दुसराच गोवा दिसला. तिथे प्रश्न जमिनीचा कमी, दाखल्याचा जास्त. बांधकामावर उत्तर कर्नाटकातले, ओडिशातले, झारखंडातले मजूर. आपण त्यांना सरसकट 'घाटी' म्हणतो, मग तो माणूस घाटावरचा असो की समुद्रकाठचा. मलेरियाच्या बाबतीत गोव्याने एक गोष्ट केली ती मला आजही योग्य वाटते. सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बांधकाम मजुराचं रक्त तपासून त्याला आरोग्य कार्ड द्यायचं ठरवलं, आणि ते कार्ड काढण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली. बांधकामावर मुरवणीसाठी साठवलेल्या पाण्यात मलेरियाचा डास वाढतो, हे सगळ्यांना माहीत होतं. आधी दोष मजुराच्या माथी मारत: हे लोक ताप घेऊन येतात. कायद्याने निदान कागदावर तरी तो दोष पाण्याच्या टाकीच्या मालकाकडे वळवला. दोन हजारच्या दशकात वर्षाला हजारोंनी मलेरियाचे रुग्ण सापडत. आज तो आकडा खूपच खाली आला आहे. एकट्या कार्डामुळे नव्हे, औषधं बदलली, तपासणी वाढली, पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडले. पण जबाबदारी कुणावर हे कायद्यात लिहिलेलं असलं की माझ्यासारख्या सरकारी डॉक्टरच्या हाताला जोर येतो, हे मी अनुभवाने सांगतो. नुसतं समजावणं आणि नोटीस बजावणं यात फार अंतर असतं.

त्याच मजुराला मलेरियाचं कार्ड मिळतं आणि बाकी काही मिळत नाही, ही मात्र गंमत बघ. म्हणजे ज्या आजाराची झळ आपल्याला लागू शकते तेवढ्यापुरता तो मोजला जातो. २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचार मिळतात; अट पाच वर्षांच्या रहिवासाची. इतर अनेक योजनांना पंधरा वर्षांचा दाखला. घरमालक भाड्याची पावती देत नाही, करारावर सही करत नाही; मग दहा वर्षं राहिलेला माणूसही कागदावर कालच आलेला. बांधकाम कामगार कल्याणाचा १९९६ चा कायदा आला, बांधकाम खर्चावरचा उपकर जमा झाला, पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला बहुतेक वेळा ठेकेदाराकडूनच घ्यावा लागायचा. तो देत नसे, कारण दिला की बाकीच्या जबाबदाऱ्या मागोमाग येत.

क्षयरोगाचं तेच. २०१८ पासून रुग्णाला आहारासाठी महिना ५०० रुपये बँक खात्यात, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,०००. ज्याचं खातं गावाकडच्या बँकेत आणि मोबाईल नंबर तीनदा बदललेला, त्याचे पैसे येईपर्यंत औषधाचा कोर्स संपत आलेला असतो. आमच्या एका रुग्णाने सहा महिने गोळ्या नेमाने घेतल्या, कारण शेजारची मासेविक्रेती त्याला रोज दुपारी कढी-भात देत होती. योजनेच्या यशात तो नोंदला गेला.

१ जून २०२० ला वास्कोतला मांगोर हिल गोव्यातला कोविडचा पहिला प्रतिबंधित विभाग झाला, ते तुला आठवत असेल. एकमेकांना चिकटलेल्या खोल्या, सामाईक नळ, बाहेर पडून रोजंदारी केल्याशिवाय चूल न पेटणारी घरं. तिथल्या माणसाने आपला पत्ता सांगितला की दुकानदार दोन पावलं मागे सरायचा. महिनाभरात लोक पत्ता लपवू लागले. आणि पत्ता लपवला की संपर्क शोधणं संपलं.

हे गोव्याला नवीन नव्हतं, म्हणून मला राग आला. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानानंतर एचआयव्ही आढळला म्हणून, पोलिसांकरवी उचलून म्हापशाला क्षयरोग्यांच्या जुन्या आरोग्यधामात ठेवलं. ६४ दिवस. १९८५ च्या आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच केली होती. त्याच्या आईने न्यायालयात धाव घेतली, तो सुटला, पण वेगळं ठेवण्याची तरतूद न्यायालयाने वैध ठरवली. पुढे त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ साली तो गेला. मी तेव्हा नोकरीत नवा. त्या बातमीनंतर माझ्या केंद्रात गुप्तरोगाच्या तपासणीला येणारी माणसं जवळजवळ थांबली. जे आले त्यांनी खोटी नावं दिली. मी ती खोटी आहेत हे ओळखून तशीच लिहून घेतली, कारण खरं नाव विचारलं असतं तर तेही आले नसते. २००४ च्या जूनमध्ये वास्कोतली बायणाची वेश्यावस्ती पाडली तेव्हा तेच पुन्हा घडलं. वस्तीत जाऊन निरोध वाटणाऱ्या, तपासणीला बायकांना सोबत घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्यांची वर्षांची ओळख एका दिवसात विखुरली. धंदा बंद झाला नाही, तो लॉजवर आणि भाड्याच्या खोल्यांत गेला. पण आता त्या बायकांचा पत्ता आम्हाला ठाऊक नव्हता, दलालाला होता.

खाणींबद्दल थोडक्यात. मी डिचोलीत असताना धूळ आणि खोकला होताच, शेतात मातीचा गाळ होता, विहिरी आटत होत्या. सोनशी गावातली माणसं २०१७ साली धूळ आणि पाण्यासाठी ट्रक अडवून तुरुंगात गेली. पण खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या तेव्हा माझ्याकडचे खोकल्याचे रुग्ण कमी झाले आणि झोप न येणारे वाढले. कर्ज काढून ट्रक घेतलेले तिशी-चाळिशीतले पुरुष. संध्याकाळ लवकर सुरू व्हायची, आणि गोव्यात दारू ही सगळ्यांत स्वस्त सोबत. खाण चालू असताना आजार एक, बंद झाल्यावर दुसरा. दोन्ही वेळा घर तेच. निर्णय न्यायालयाने योग्य दिले की नाही हा माझा विषय नाही. त्या निर्णयांसोबत या घरांचं काय होणार हे कुणी ठरवलं नव्हतं, हा माझा विषय आहे.

इथे एक चांगली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तू म्हणशील म्हातारा नुसता रडतो. 'संगाथ' या गोव्यातल्या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला: नैराश्याच्या रुग्णांना डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी मदत करायची. २०१० साली निष्कर्ष छापून आले. सरकारी केंद्रांत त्याचा चांगला परिणाम दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. पुढे दारूच्या अतिसेवनासाठीही तशीच पद्धत इथे तपासली गेली. जगभर त्याची चर्चा झाली. आपल्या केंद्रांत मात्र अशी कायमची पदं किती आहेत, ते तू तुझ्या प्रकल्पात मोजून बघ.

गोव्यात उपचाराला येणाऱ्या सिंधुदुर्गातल्या रुग्णांचाही मुद्दा तू शेवटी जाता जाता विचारलास. जानेवारी २०१८ पासून बांबोळीला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घेऊ लागले. सीमेलगतच्या दोडामार्गचा माणूस तासाभरात बांबोळीला पोचतो. कोल्हापूरला जायचं तर घाट चढायचा. गोव्याचं म्हणणं, आमच्या करातून आम्ही किती जणांना पुरं पडणार. ते खोटं नाही, ओपीडीतली गर्दी मी पाहिली आहे. पण मग हिशेब दोन सरकारांनी एकमेकांत करावा. तो स्ट्रेचरवरच्या माणसाच्या खिशात हात घालून का करायचा? त्याच दोडामार्गातले पोरगे रोज पहाटे मोटारसायकलने येऊन आपल्या औषधाच्या कारखान्यांत गोळ्या भरतात. माकडतापाच्या गोचिडीलाही राज्याच्या सीमेवरचा नाका ठाऊक नाही. दोडामार्ग तालुक्यात तो आमच्या पाठोपाठ वर्षभरात पोचला.

आता तुझ्या कामाचं. प्रश्नावलीत तू उत्पन्न, शिक्षण आणि जात विचारणार आहेस, ते विचारच. पण आधी घराचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सात-बारा, कुणाच्या नावावर आहे ते विचार. पाणी कुठल्या नळाचं आणि तो नळ कुणाच्या नावाचा ते विचार. आजारी पडल्यावर किती दिवसांची मजुरी बुडाली, त्या दिवसांत उसने कुणाकडून घेतले, ते विचार. उसनवारीचं उत्तर पुरुष देत नाहीत, बायकांना वेगळं विचारावं लागतं, आणि तेही दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत सगळेच 'बरें आसा' म्हणतात.

आणि त्या वाडीपासून सुरुवात कर. मधल्या वर्षांत सात घरांचे दावे निकाली निघाले, त्या सातही घरांत पक्के संडास आहेत. तीन घरं अजून तारखेवर आहेत. आईला विचार, तिला वाट माहीत आहे.